सिंक पोर्ट्स: राजाच्या राज्यात स्वतःचा कारभार करणारी इंग्लंडची बंदरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या काही लहान बंदरांनी मध्ययुगात स्वतःची न्यायालयं चालवली, राजाचे कर नाकारले आणि हे सगळं राजाच्या लेखी संमतीने केलं; शिवाय शेजाऱ्यांशी लढायाही केल्या. ब्रिटनचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो कंपनी सरकारापासून, त्यामुळे या बंदरांचं नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडतं. पण सत्ता आणि स्वायत्तता यांचा व्यवहार इतक्या उघडपणे दिसणारी उदाहरणं फार थोडी आहेत. शिवाय आपल्या इतिहासातली काही ओळखीची माणसंही इथे अचानक भेटतात. म्हणून हा सविस्तर खुलासा.

सिंक पोर्ट्स म्हणजे नेमकं काय?

हेस्टिंग्ज, न्यू रॉमनी, हाइद, डोव्हर आणि सँडविच या पाच बंदरांचा संघ. हेस्टिंग्ज ससेक्समध्ये, बाकीची चार केंटमध्ये. नाव जुन्या नॉर्मन फ्रेंचमधून आलेलं, अर्थ सरळ: पाच बंदरं. पुढे राय आणि विंचेल्सी ही दोन गावं आधी हेस्टिंग्जच्या मदतीला म्हणून आली आणि नंतर बरोबरीच्या मानाने संघात बसली. त्यामुळे 'पाच बंदरं आणि दोन प्राचीन नगरं' असा पूर्ण उल्लेख कागदोपत्री सापडतो. म्हणजे मुख्य गावं सात, नाव मात्र पाचाचंच राहिलं.

याखेरीज प्रत्येक मुख्य बंदराला जोडलेली उपबंदरं होती. फोकस्टन आणि मार्गेट डोव्हरच्या छत्राखाली, डील आणि रॅम्सगेट सँडविचच्या, लिड रॉमनीच्या, टेंटर्डन रायच्या. मुख्य बंदराच्या वाट्याची जहाजं पुरवायला हातभार लावायचा आणि बदल्यात त्याच्या हक्कांत वाटेकरी व्हायचं, अशी ही रचना. सँडविचचं एक उपबंदर तर थेट टेम्सच्या मुखापलीकडे एसेक्समध्ये आहे, ब्राइटलिंगसी नावाचं.

याच गावांना एवढं महत्त्व का आलं?

नकाशा उघडून पाहिला की उत्तर मिळतं. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा जेमतेम ३४ किलोमीटरवर आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राजाची जमीन इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवर पसरली. राजाला स्वतःला, त्याच्या फौजेला, खजिन्याला आणि दूतांना सतत ये-जा करावी लागे. ती करायची तर या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आणि खलाशांची गरज लागणारच.

खरी कलाटणी मिळाली १२०४ साली. जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली आणि कालपर्यंत घरचा असलेला समोरचा किनारा एका दिवसात शत्रूचा झाला. जी बंदरं आजवर फक्त उतारू नेत होती, ती आता राज्याची वेस झाली. पुढच्याच वर्षी जॉनने या बंदरांना हक्कांच्या नव्या सनदा दिल्या. हा योगायोग मानायला मी तयार नाही. राजाची गरज वाढली की सनदेतली कलमं वाढतात, हे या संघाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

राजा आणि बंदरं यांच्यातला सौदा काय होता?

त्या काळी राजाकडे कायमचं आरमार नव्हतं. युद्ध आलं की जहाजं गोळा करायची. ही अडचण सिंक पोर्ट्सनी सोडवली. वर्षातून एकदा, १५ दिवस, स्वतःच्या खर्चाने ५७ जहाजं राजाच्या सेवेत द्यायची. प्रत्येक जहाजावर २१ माणसं आणि एक पोरगा. म्हणजे सगळी मिळून सव्वा बाराशेच्या वर माणसं. डोव्हर आणि हेस्टिंग्ज यांच्या वाट्याला प्रत्येकी २१ जहाजं, सँडविच, रॉमनी आणि हाइद यांच्याकडे प्रत्येकी ५. पंधरा दिवस उलटले आणि राजाला जहाजं अजून हवी असतील तर पुढचा रोज राजाने मोजायचा: जहाजाच्या तांडेलाला दिवसाला सहा पेनी, साध्या खलाशाला तीन.

ही पद्धत नॉर्मन राजांनी शोधलेली नाही. १०८६ साली विल्यमने सगळ्या राज्याची जी पाहणी करून घेतली, तिच्यात डोव्हरची नॉर्मनपूर्व काळाबद्दलची नोंद आहे: इथले नागरिक राजाला वर्षातून एकदा पंधरा दिवस वीस जहाजं देत, प्रत्येकावर एकवीस माणसं, आणि हे ते करत, कारण राजाने त्यांना न्यायनिवाड्याचा आणि त्यातून येणाऱ्या दंडाचा हक्क सोडून दिला होता. चाकरी आणि हक्क एकाच वाक्यात बांधलेले. आपल्याकडच्या वतनाची कल्पना ज्याला माहीत आहे, त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

बदल्यात कोणते हक्क मिळाले?

सनदांमधली यादी मोठी आहे. मुख्य गोष्टी अशा: राज्यभर कुठेही मालावर जकात द्यायची नाही. संसदेने बसवलेल्या करांतून सूट. आपल्या गावात आपणच बाजारपट्टी आणि दंड वसूल करायचा. चोर हद्दीत सापडो की हद्दीबाहेर, आपला माणूस असेल तर खटला आपल्याच न्यायालयात. समुद्रात वाहून आलेला, जहाजातून फेकलेला किंवा बेवारस माल आपला. केंटचा शेरीफ म्हणजे राजाचा तिथला सर्वांत मोठा अधिकारी, पण त्याला या गावांत पाऊल टाकून हुकूम बजावता येत नसे.

आधीच्या सनदा प्रत्येक गावाला वेगवेगळ्या होत्या. १२७८ साली पहिल्या एडवर्डने सगळ्यांना मिळून एकच मोठी सनद दिली. संघ म्हणून कायदेशीर ओळख इथून पक्की झाली असं मी मानतो. त्याआधी ती एकमेकांच्या शेजारची, एकाच प्रकारची चाकरी करणारी गावं होती.

जकातमाफीचा हक्क प्रत्यक्षात चालायचा कसा? दुसऱ्या गावाने जुमानलं नाही तर?

या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या इतिहासात सर्वांत रोचक वाटतं.

समजा, हाइदचा एक व्यापारी माल घेऊन दूरच्या एखाद्या गावी गेला आणि तिथल्या नाक्यावर त्याच्याकडून जकात घेतली. तो घरी येऊन मेयरकडे तक्रार करी. मेयर आणि त्याचे पंच, ज्यांना तिथे 'ज्युराट' म्हणत, त्या गावाला शिक्क्याचं पत्र धाडत: आमच्या माणसाचे पैसे परत करा. उत्तर आलं नाही तर आणखी पत्र जाई. तरीही दाद लागली नाही, तर त्या गावचा कोणताही माणूस आपल्या बंदरात येण्याची वाट पाहिली जाई. तो आला की त्याचा माल तेवढ्या रकमेपुरता अडकवायचा. त्याने आपल्या गावी जाऊन स्वतःच्या मेयरकडून भरपाई घ्यावी. या पद्धतीला 'विदरनॅम' म्हणत.

ज्याचा माल अडकला त्याची काहीच चूक नसे, हे खरं. पण पोलीस आणि वरिष्ठ न्यायालय हाताशी नसलेल्या काळात एका गावाने दुसऱ्या गावावर दाब आणायचा तो असाच. आणि त्यासाठी सातही गावं एकमेकांच्या पाठीशी उभी राहत, म्हणून तो दाब लागू पडे.

गावाचा कारभार कोण पाहायचं?

दरवर्षी नागरिक एकत्र जमून मेयर किंवा बेलिफ (म्हणजे गावाचा मुख्य कारभारी) निवडत आणि तो बारा ज्युराट नेमून घेई. निवडून आलेल्याला नाही म्हणायची सोय नव्हती. हेस्टिंग्जच्या जुन्या रिवाजांत लिहून ठेवलंय की निवडलेल्या माणसाने पद नाकारलं, तर सगळ्या गावाने जाऊन त्याचं राहतं घर पाडावं. आज हे वाचून दचकायला होतं. पण पद म्हणजे वर्षभराची पदरमोड होती. राजाच्या जहाजांचा आकडा पुरा झाला नाही तर जाब त्यालाच द्यावा लागे. जबाबदारीतून कुणीही अंग काढून घेऊ नये, एवढा गावाचा आग्रह होता.

शिक्षाही तितक्याच कडक. डोव्हरमध्ये चोराला समुद्रालगतच्या कड्यावरून खाली लोटत, सँडविचमध्ये जिवंत पुरत. स्वायत्ततेबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही. गावाच्या हाती न्याय होता, याचा अर्थ गावाच्या हाती माणसाचा जीवही होता.

आणि संघाचा?

सगळ्या गावांच्या प्रतिनिधींची सभा बहुतेक वेळा न्यू रॉमनीला भरे, कारण ते गाव साधारण मध्यावर पडतं. तिचं नाव 'ब्रॉडहल'. जहाजांची आणि खर्चाची वाटणी, यार्मथच्या हेरिंग मासळीच्या जत्रेला कोणाला पाठवायचं, कोणत्या गावाशी भांडण काढायचं, हे सगळं तिथे ठरे. सभेचं अध्यक्षपद प्रमुख गावांकडे एकेक वर्ष फिरतं, आणि हा क्रम आजही चालू आहे.

या सभांची इतिवृत्तं शाबूत आहेत. १४३२ ते १५७१ पर्यंतची 'पांढऱ्या वही'त आणि १५७२ ते १९५५ पर्यंतची 'काळ्या वही'त. पाचशेहून जास्त वर्षांचा कारभार दोन ग्रंथांत सलग सापडणं, ही अभ्यासकांसाठी केवढी मोठी ठेव आहे!

लॉर्ड वॉर्डन कोण असतो? तो राजाचा माणूस की गावांचा?

दोन्ही बाजूंचा, आणि त्यातच त्या पदाचं मर्म आहे. लॉर्ड वॉर्डनची नेमणूक राजा करतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डोव्हर किल्ल्याचा किल्लेदारही तोच. राजाचा हुकूम गावांपर्यंत पोचायचा तो त्याच्यामार्फत. पण पद घेताना त्याला गावांसमोर शपथ घ्यावी लागे की तुमचे हक्क आणि रिवाज मी सांभाळीन. ही शपथ 'शेपवे' नावाच्या न्यायालयात होई, जे मूळात लिम गावाजवळ उघड्यावर भरत असे. हा माणूस राजाच्या किल्ल्यात राहून गावांच्या हक्कांची हमी द्यायचा. संघर्ष पेटू नये म्हणून मध्ये ठेवलेली ही जागा होती, आणि बराच काळ तिने आपलं काम चोख केलं.

म्हणजे ही छोटी स्वतंत्र राज्यंच होती का?

नाही. त्यांनी स्वतःची नाणी पाडली नाहीत, परक्या राजाशी तह केले नाहीत, आणि सनद नेहमी राजाच्याच सहीशिक्क्याची लागली. प्रत्येक नव्या राजाकडून ती पुन्हा मंजूर करून घ्यावी लागे. उत्तर जर्मनीतल्या 'हान्सा' संघाशी अनेकदा तुलना होते, ती फारशी जुळत नाही. हान्साची शहरं अनेक सत्तांच्या मुलखांत विखुरलेली होती आणि व्यापारासाठी एकत्र आली होती. सिंक पोर्ट्स एकाच राजाच्या राज्यात, एकाच चाकरीपोटी एकत्र आले.

पण राजाला ते सहज वाकवता येत होते असंही नाही. १२६४ साली सरदारांनी सायमन द माँफर्टच्या पुढाकाराने तिसऱ्या हेन्रीविरुद्ध बंड केलं, तेव्हा ही बंदरं बंडवाल्यांकडे गेली आणि खाडी त्यांनीच रोखून धरली. १२६५ साली माँफर्टने बोलावलेल्या प्रसिद्ध संसदेत प्रत्येक बंदराकडून चार माणसं मागवली होती. बंड मोडल्यावर राजपुत्र एडवर्डने १२६६ मध्ये विंचेल्सीवर चालून जाऊन ते घेतलं. पुढे हाच एडवर्ड राजा झाला आणि त्यानेच १२७८ची सनद दिली. ज्यांनी आपल्याशी लढा दिला त्यांनाच हक्क देण्याची पाळी आली, कारण त्यांच्या जहाजांवाचून त्याचं चालत नव्हतं.

त्यांच्यावर चाचेगिरीचा आरोप होतो. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि पुष्कळ आहे. युद्धात शत्रूची जहाजं लुटायची मुभा राजाच देई. शांततेच्या काळात ती सवय सुटत नसे. परदेशी व्यापाऱ्यांच्या, कधी इंग्लिश व्यापाऱ्यांच्याही तक्रारी राजापर्यंत सतत जात. १२९३ साली त्यांच्या जहाजांची नॉर्मन जहाजांशी ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ उघड लढाई झाली, आणि त्या भांडणातून पुढच्या वर्षी इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध पेटलं.

पण त्याच माणसांनी राज्य वाचवल्याचे प्रसंगही आहेत. २४ ऑगस्ट १२१७ रोजी इंग्लंडची गादी मिळवू पाहणाऱ्या फ्रेंच राजपुत्र लुईच्या मदतीला येणारं आरमार सँडविचसमोर अडवण्यात आलं. ह्यूबर्ट द बर्गच्या नेतृत्वाखालच्या जहाजांनी वाऱ्याची बाजू धरली आणि कळीच्या चुन्याची पूड शत्रूच्या डोळ्यांत उडवली. फ्रेंचांकडून लढणारा नामचीन दर्यावर्दी युस्टास पकडला गेला आणि तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. तो दिवस सेंट बार्थोलोम्यूचा. सँडविचमध्ये त्याच्या नावाचं जुनं धर्मादाय निवारागृह आहे. तिथल्या चॅपलभोवती त्या सणाला आजही लहान मुलं धावत फेरी मारतात आणि प्रत्येकाला मनुकांचा पाव मिळतो.

यार्मथशी वैर कशावरून?

हेरिंग माशावरून. नॉरफोकच्या किनाऱ्यावर यार्मथला शरद ऋतूत हेरिंगचे थवे येत. २९ सप्टेंबरपासून ११ नोव्हेंबरपर्यंत तिथे मोठी जत्रा भरे आणि सिंक पोर्ट्सचे कोळी दरवर्षी तिकडे जात. तिथल्या वाळूवर मासळी उतरवायचा आणि जाळी वाळवायचा हक्क त्यांना सनदेने होता. एवढंच नव्हे, जत्रेपुरता यार्मथमध्ये न्यायनिवाडा करायला ते आपले बेलिफ पाठवत. आपल्या गावात परगावच्या माणसांनी येऊन न्याय करावा, हे यार्मथकरांना कसं सहन व्हावं? सुरुवातीला ती नुसती वाळूची पट्टी असेल, पण तिथे आता भरभराटीचं शहर उभं राहिलं होतं.

१२९७ साली पहिला एडवर्ड फौज घेऊन फ्लँडर्सला निघाला, सोबत दोन्हीकडची जहाजं. पलीकडच्या किनाऱ्यावर पोचताच सिंक पोर्ट्सवाले राजाच्या देखत यार्मथच्या जहाजांवर तुटून पडले, अनेक जहाजं जाळली आणि माणसं मारली. शत्रू समोर असताना स्वतःच्याच राजाचं आरमार त्यांनी दुबळं केलं. संघाच्या इतिहासातला हा सर्वांत लाजिरवाणा प्रसंग आहे असं मला वाटतं, आणि हक्काची धुंदी चढली की माणसं कुठवर जातात हे त्यात स्वच्छ दिसतं.

बारकाईने पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: सिंक पोर्ट्सच्या मुद्रेवर तीन सोनेरी सिंह आहेत, पुढचा भाग सिंहाचा आणि मागचा जहाजाचा. यार्मथच्या मुद्रेवरही तसेच अर्धे सिंह आहेत, फक्त त्यांना शेपट्या हेरिंगच्या!

१२८७च्या वादळात काय घडलं?

त्या एका वर्षात समुद्राने या किनाऱ्याचा नकाशा बदलला. जुनं विंचेल्सी वाळूगोट्यांच्या पट्टीवर वसलेलं होतं. आधीच्या वादळांनी ते पोखरत आणलं होतं, १२८७ मध्ये ते पाण्याखाली गेलं. राजाला याची चाहूल आधीच लागली होती. त्याने जवळच्या टेकडीवर नव्या विंचेल्सीची आखणी सुरू करून ठेवली होती: काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, चौकोनी वाडे आणि घरांखाली दगडी कमानींची तळघरं. फ्रान्समधल्या गॅस्कनीहून येणारी दारूची पिंपं त्यांत ठेवत. त्यातली अनेक तळघरं आजही उतरून पाहता येतात.

रॉमनीचं नुकसान वेगळ्या प्रकारचं. रॉदर नदी त्या गावापाशी समुद्राला मिळत होती, म्हणून तिथे बंदर होतं. वादळाने वाळू, गाळ आणि गोटे यांचा एवढा ढीग आणून टाकला की नदीने वाट बदलली आणि ती रायजवळून समुद्राला मिळू लागली. न्यू रॉमनीच्या सेंट निकोलस चर्चच्या भिंतीशी पूर्वी गलबतं बांधत. आज समुद्र तिथून जवळपास दोन किलोमीटर दूर आहे. चर्चमध्ये शिरताना रस्त्यावरून पायऱ्या उतराव्या लागतात, कारण गाळाने बाहेरची जमीनच वर आली. आतल्या खांबांवर पुराच्या पाण्याचे तपकिरी डाग अजून दिसतात.

मग उतरती कळा फक्त निसर्गामुळे लागली का?

निसर्गाचा वाटा मोठा. खाडीतला प्रवाह किनाऱ्यालगत गोटे पूर्वेकडे ढकलत राहतो आणि नद्यांची मुखं बुजवतो. त्यात माणसांनी भर घातली. जमीनदारांनी दलदलीला बांध घालून शेतं काढली, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी कमी झालं आणि गाळ वाहून नेणारा जोरच उरला नाही. सँडविचचं बंदर असं हळूहळू बुजलं. आज ते गाव समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत आहे.

दुसरं कारण फ्रेंचांचे हल्ले. १३७७ साली राय जाळलं गेलं आणि चर्चच्या घंटासुद्धा नेल्या. पुढच्या वर्षी राय आणि विंचेल्सीच्या माणसांनी नॉर्मंडीवर चाल करून त्या परत आणल्या. १४५७ मध्ये फ्रेंचांनी सँडविच लुटलं आणि मेयर मारला गेला. त्याचं सुतक म्हणून सँडविचचे मेयर लाल झग्याऐवजी काळा झगा घालतात, असं तिथे सांगतात, आणि तो रिवाज अजून मोडलेला नाही.

तिसरं कारण मला निर्णायक वाटतं. जहाजं मोठी झाली. एकवीस माणसांच्या नौका चौदाव्या शतकातच अपुऱ्या पडू लागल्या. १३४७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेच्या वेढ्याला एकट्या यार्मथने ४३ जहाजं पाठवली. पुढे सातव्या आणि आठव्या हेन्रीने पोर्ट्समथ, डेप्टफर्ड, वूलिच इथे राजाच्या स्वतःच्या गोद्या उभ्या केल्या. ज्या चाकरीच्या बदल्यात हक्क मिळाले होते, तिची राजाला गरज राहिली नाही. हक्क मात्र कागदावर तसेच राहिले, पुढची तीनशे वर्षं.

त्या तीनशे वर्षांत गावांनी काय केलं?

मासेमारी, किनाऱ्याचा व्यापार आणि चोरटी आयात-निर्यात. रॉमनीच्या दलदलीतून लोकर फ्रान्सला जाई, तिकडून चहा आणि दारू येई. डीलच्या नावाड्यांचा यात एवढा हात होता की १७८०च्या दशकाच्या मध्याला पंतप्रधान धाकट्या पिटने सैनिक पाठवून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्यांच्या नावा जाळून टाकल्या. काही वर्षांनी तोच पिट लॉर्ड वॉर्डन होऊन डीलच्या शेजारी वॉल्मर किल्ल्यात राहायला आला आणि नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने त्याच किनाऱ्यावर स्वयंसेवकांची पथकं उभारू लागला.

'बॅरन' आणि राज्याभिषेकाचं छत्र हा काय प्रकार आहे?

या गावांच्या नागरिकांना 'बॅरन' म्हणवून घेण्याचा मान होता. राज्याभिषेकाच्या दिवशी राजाच्या डोक्यावर धरलेलं रेशमी छत्र त्यांनी पेलायचं, आणि समारंभानंतर ते कापड, चांदीचे दांडे आणि घंटा आपल्याकडे ठेवायच्या. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकानंतर राजाच्या हुजऱ्यांनी ते छत्र हिसकावलं आणि मोठी झोंबाझोंबी झाली. शेवटचं छत्र १८२१ साली धरलं गेलं. बॅरनांना आमंत्रण मात्र येत राहिलं, २०२३च्या राज्याभिषेकालाही.

संसदेत त्यांचं स्थान काय होतं?

संख्येच्या मानाने अवाजवी मोठं. पाच बंदरं, दोन नगरं आणि हेस्टिंग्जचं उपबंदर सीफर्ड मिळून सोळा सदस्य पाठवत. विंचेल्सीसारख्या ठिकाणी मूठभर मतदार दोन खासदार निवडत आणि ते बहुधा सरकारच्या मर्जीतले असत. १८३२च्या सुधारणेने हे थांबवलं, आणि ते योग्यच झालं.

स्वायत्तता नेमकी कधी संपली?

एका दिवसात नाही. १८३५च्या नगरपालिका कायद्याने गावांचा कारभार इतर शहरांसारखा झाला. १८५५च्या कायद्याने लॉर्ड वॉर्डनचा दिवाणी अधिकार काढला. सागरी तंट्यांसाठीचं सिंक पोर्ट्सचं न्यायालय कायद्याने अजूनही आहे, पण शेवटचा खटला १९१४ साली चालला.

याचा भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी काही संबंध?

लॉर्ड वॉर्डनांच्या यादीवरून नजर फिरवा. १८२९ ते १८५२ या काळात हे पद ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे होतं. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. त्याचा मृत्यू १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मर किल्ल्यात झाला. त्याची ती खोली, लष्करी पलंग आणि आरामखुर्ची तिथे जपून ठेवली आहे.

त्याच्या जागी आला लॉर्ड डलहौसी. १८४८ साली साताऱ्याचं राज्य त्याने खालसा केलं होतं. १८५३ मध्ये ही नेमणूक झाली तेव्हा तो गव्हर्नर जनरल म्हणून भारतातच होता, आणि पुढच्याच वर्षी नागपूर खालसा झालं. वारस नाही म्हणून इथली राज्यं बुडवणाऱ्या माणसाच्या हाती तिकडे सातशे वर्षांच्या जुन्या हक्कांची राखण होती, ही गोष्ट मराठी वाचकाला लागल्याशिवाय राहणार नाही.

पुढे डफरिन, कर्झन, रीडिंग हे व्हाइसरॉयही या पदावर आले. कर्झन १९०४ साली रजेवर इंग्लंडात असताना वॉल्मरला राहिला. तिथे त्याची पत्नी गंभीर आजारी पडली, त्याने किल्ल्याच्या आरोग्याला बोल लावला आणि लवकरच पद सोडलं. १९३६ ते १९४१ पर्यंत विलिंग्डन होता. तो मूळचा ससेक्सचा, तरुणपणी हेस्टिंग्जचाच खासदार. १९१३ ते १९१८ तो मुंबईचा गव्हर्नर होता. जून १९१८च्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांना बोलू न देणारा तोच, आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला नाव आहे तेही त्याचंच. त्याच्यानंतर हे पद विन्स्टन चर्चिलकडे गेलं.

आज काय शिल्लक आहे? पाहायला जायचं तर कुठे जावं?

संघ समारंभांपुरता टिकून आहे. लॉर्ड वॉर्डन आजही नेमला जातो; २०२४ साली ॲडमिरल सर जॉर्ज झँबेलास यांची नेमणूक झाली. विंचेल्सीत जुन्या रीतीने ईस्टरच्या सोमवारी मेयर निवडतात, त्याला प्रशासकीय अधिकार नसले तरी. ब्राइटलिंगसीचे लोक चर्चच्या घंटाघरात जमून सँडविचसाठी आपला प्रतिनिधी निवडतात.

चालू बंदर म्हणून खऱ्या अर्थाने डोव्हर उरलं आहे. हेस्टिंग्जला बंदर नाही, पण कोळी वाळूगोट्यांच्या किनाऱ्यावरून थेट समुद्रात होड्या लोटतात आणि परत वर ओढून घेतात. त्या किनाऱ्याला 'स्टेड' म्हणतात आणि तिथली उंच काळी लाकडी जाळीघरं चुकवू नयेत. वेळ थोडा असेल तर राय आणि विंचेल्सी एका दिवसात पायी होतात. दोन दिवस असतील तर सँडविच आणि वॉल्मर किल्ला जोडून घ्यावा. न्यू रॉमनीला मात्र वाट वाकडी करून जावं आणि त्या खांबांवरची पुराची रेघ स्वतः पाहावी.